माझ्यासारखा आणखी एक

आमच्या आजाराच्या माणसांनी लिहिलेले अनुभव मी बरेच वाचलेत. त्यांत शेवटी सगळे जिंकलेले असतात. कुणी डोंगर चढतं, कुणी मोठ्या परीक्षेत पास होतं, कुणी नुसताच हसरा फोटो टाकतं. मी कुठलाही डोंगर चढलेलो नाही. कुणाच्या मदतीशिवाय रिक्षात बसता आलं तरी त्या दिवशी मी आईला ते मुद्दाम सांगतो. तरी लिहायला बसलोय, कारण आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न विचारला जाणार आहे आणि मला तो विचारला गेला तेव्हा कुणी आधी सावध केलेलं नव्हतं. तुझ्यासारखा आणखी एक जन्माला यावा का, असा तो प्रश्न आहे.

मला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जो एक घटक लागतो तो माझ्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. लोकांना वाटतं, टाचणी टोचली की हा माणूस गेला. टाचणीनं काही होत नाही. आमचं रक्त आतल्या आत वाहतं, बहुतेक वेळा सांध्यात. गुडघा आतून भरत जातो, कातडी ताणून चकाकायला लागते, आणि मग पायावर चादर पडली तरी जीव जातो. त्यावर फॅक्टर म्हणून इंजेक्शन आहे. वेळेवर मिळालं तर रक्त थांबतं. माझ्या लहानपणी ते आमच्या भागात मिळत नव्हतं, म्हणून माझे दोन्ही गुडघे आणि डावं कोपर कायमचं वाकडं झालंय.

वय सदतीस. लग्न झालेलं नाही. लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं किनवट, जळकोट अशी कुठून कुठून येऊन होस्टेलवर राहतात आणि मी त्यांना उंच स्टुलावर बसून शिकवतो. त्यांनी माझं नाव 'बैठे सर' ठेवलंय. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

कान

आमच्याकडं बाळाचे कान टोचताना त्याला मामाच्या मांडीवर बसवतात. माझेही तसेच टोचले, चाकूरच्या घरी. मामा उदगीरहून आला होता. आईचा एकुलता भाऊ, तेव्हा विशीतला, सतत हसणारा, एक हात कोपरात कधी सरळ न होणारा. सोनारानं तार घातली आणि माझा कान वाहायला लागला तो थांबेना. हळद दाबली, जाळलेल्या कापसाची राख दाबली. मामाचा पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झाला. घाबरायची वेळ होती ती. पण मामा म्हणाला, "काही होत न्हाई अक्का. माझा कान बी असाच वाहिलता. लेकरू माझ्यावर गेलंय." सगळे हसले.

तेव्हापासून घरात हेच कौतुक चालू झालं. नाक मामाचं, हसणं मामाचं, रक्त येणंसुद्धा मामासारखं. आई हे अभिमानानं सांगायची, बायका माझ्यावरून बोटं मोडायच्या. पुढं वर्ष-दोन वर्षांत मामाची दाढ दुखायला लागली, त्यानं ती काढून घेतली आणि तोंडात कापसाचा बोळा धरून घरी आला. तो बोळा बदलता बदलता तो गेला. लोक म्हणाले, दाढेचं विष चढलं. माझा कान आणि त्याची दाढ यांचा संबंध कुणालाही लागला नाही, कारण कान हे कौतुक होतं आणि दाढ हे दुःख होतं. आमच्या घरात दोन्ही वेगवेगळ्या वेळी बोलायच्या गोष्टी होत्या.

निदानाचा दिवस

मी पहिलीत असताना खेळता खेळता गुडघा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी पाणी झालंय म्हणून सुई घातली. पाणी निघालं नाही, रक्त निघालं, आणि मग ते निघतच राहिलं. तिथून लातूर, लातूरहून हैदराबाद.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हती. नाना, म्हणजे माझे वडील, पंचायत समितीत क्लार्क होते. त्यांची उर्दू चांगली होती. बाई बोलायच्या आणि नाना आईला मराठीत सांगायचे. रक्त गोठत नाही म्हणतायत. मुळातून इलाज नाही म्हणतायत. जपायचं म्हणतायत. हा मुलांनाच होतो, मुलींना होत नाही म्हणतायत. मग बाई आणखी एक वाक्य बोलल्या आणि नाना गप्प बसले. आईनं दोनदा विचारलं, "काय म्हणायल्या वो?"  मला टीव्हीमुळं हिंदी कळत होती. बाई म्हणाल्या होत्या, ये माँ की तरफ से आता है.

स्टँडवर आल्यावर नानांनी ते सांगितलं. "तुझ्याकडून आलंय हे. तुझ्या माहेरून." एवढंच बोलले आणि बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. आई मला मांडीवर घेऊन मागं बसली. लातूरपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. मला त्यांचा फार राग आला होता. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो राग मला अजून येतो.

घरात टिकलं ते एकच वाक्य, मुलींना होत नाही. त्याच्या पुढचा अर्धा भाग, की मुली हा आजार स्वतःला न होता पुढं नेऊ शकतात, तो कुणी नीट ऐकलाच नाही. शुभा, माझी बहीण, माझ्यानंतर आठ वर्षांनी झाली. मुलगी झाली म्हणून नानांनी ऑफिसात पेढे वाटले. मुलीचे पेढे वाटणारा क्लार्क तेव्हा त्या ऑफिसात दुसरा नव्हता. लोकांना वाटलं, काय सुधारलेला माणूस आहे.

रोजचं

ज्यांच्या घरी हे नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी थोडं रोजचं लिहितो. फॅक्टर फ्रिजमध्ये ठेवतात. आमच्याकडं ते दह्याच्या भांड्याशेजारी असतं आणि वीज गेली की आई आधी फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी लावते, कुणी उघडू नये म्हणून. इंजेक्शन शिरेतून द्यावं लागतं. माझ्या शिरा इतक्या वेळा टोचल्या गेल्यात की त्या आता आत दडून बसतात. सरकारी दवाखान्यात एक सिस्टर होत्या, त्या सुई हातात घेण्याआधी माझा तळहात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून गरम करायच्या. तेवढा वेळ त्या काही बोलायच्या नाहीत. त्यांची बदली झाली त्या दिवशी मी घरी येऊन रडलो होतो, हे आईलाही ठाऊक नाही.

बाकी लोक बोलतात. शेजारच्या काकू म्हणतात, "बरं झालं बाई लग्न केलं न्हाई त्यानं." हे त्या माझ्यासमोर, माझ्या आईला सांगतात. लग्नाचं म्हणाल तर एकदा जळकोटचं स्थळ आलं होतं. माझ्यासारख्या माणसाचे मुलगे ठणठणीत असतात आणि मुली मात्र सगळ्या आजार पुढं नेणाऱ्या असतात, हे मी मुलीच्या वडिलांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी खूप विचार केला आणि विचारलं, "सर, मग तुम्हाला पोरंच होतील असं काही करता येतं का?" मी म्हणालो, तसं करणारे डॉक्टर तुरुंगात जातात. पुढं त्यांचा फोन आला नाही.

बारावीच्या पुस्तकात माझा आजार थोडक्यात दिलेला आहे. वंशावळीचा तक्ता काढायचा, बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी असेल तो काळा. मी दरवर्षी फळ्यावर काढतो. वाहक आईच्या मुलाला आजार असण्याची शक्यता किती? पोरं एका सुरात निम्मी म्हणून ओरडतात. एकदा पुढच्या बाकावरची एक हुशार मुलगी म्हणाली, "सर, पण असं माहीत असून लोक मुलं होऊ देतातच कशी? हे क्रूर आहे ना?" माझ्या गुडघ्यांबद्दल तिला माहीत नव्हतं, अपघात झाला होता असं पोरं समजतात. मी तिला म्हणालो, चांगला प्रश्न आहे, पण परीक्षेत येत नाही.

मुलींना होत नाही

शुभाचं स्थळ नांदेडचं होतं. मुलगा बँकेत, महेशराव, सरळ माणूस. बोलणी होती त्या दिवशी आई मला म्हणाली, "तू आत बस बाबा." मी आत बसलो नाही. कागद घेतला, गोल आणि चौकोन काढले आणि महेशराव व त्यांच्या आईला सगळं समजावलं. शुभा वाहक असू शकते, तिच्या मुलाला माझा आजार होऊ शकतो, लग्नाआधी तपासणी करून घेऊ. शुभाही शेजारी बसून होती. महेशरावांच्या आईनं कागद निरखून पाहिला आणि विचारलं, "पण पोरीला न्हाई ना?"

"पोरीला नाही."

"मग झालं तर. लई छान समजावून सांगता सर तुमी."

आई एवढी खुश झाली की तिनं मला स्वतःच्या हातानं पोहे दिले. तपासणीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शुभा म्हणाली, दिवस राहायच्या आधी करीन. मग दिवस राहीनात, त्याच्या इलाजात काही वर्षं गेली, आणि ज्या महिन्यात त्यांनी आशा सोडली त्या महिन्यात राहिले.

माझं रक्त

नांदेडच्या डॉक्टरांनी घरच्या आजारांबद्दल विचारलं तेव्हा शुभानं सांगितलं. मग धावपळ सुरू झाली. शुभाचं रक्त, मग हैदराबादला बाळाच्या भोवतीचं पाणी काढून तपासायचं. पण त्याआधी माझं रक्त लागेल, असं कळलं. बाळात नेमकं काय शोधायचं ते आधी माझ्यात शोधावं लागतं. माझ्या जनुकातली चूक सापडली की तीच बाळात आहे का ते बघायचं, आणि असेल तर पुढचं ठरवायचं.

लातुरातच रक्त घ्यायला एक मुलगा घरी आला. शीर सापडेना. आई माझा दंड धरून उभी होती. तिसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं आणि नळी भरली. ज्याला पकडायचंय त्याचा फोटो मागतात ना पोलीस, तसं मला वाटलं, आणि तो फोटो माझा होता.  तरी मी हात दाबून धरत त्या मुलाला विचारलं, बर्फात ठेवून नेणार ना, खराब नाही ना होणार?

अहवाल यायच्या आधी महेशरावांच्या आई लातूरला आल्या. आईनं पुरणपोळी केली होती. जेवताना त्या म्हणाल्या, "मी तर देवीला बोलले, पोरगीच दे. सात पिढ्यांत आमच्या घरात असं कुणी मागितलं न्हाई." मग माझ्या ताटात तूप वाढत म्हणाल्या, "पोरगं आन त्यात हे असलं निघालं तर काढून टाकलेलं बरं. सर, तुमी मनावर घिऊ नका. तुमचं आता झालं ते झालं."

"हाव," माझी आई म्हणाली, "ह्याचं काय आता."

मी पोळी खात होतो. तूप जास्त झालं होतं. त्या दोघी वाईट बायका नाहीत. दोघींनी माझ्यासाठी उपास केलेत. त्या माझ्यादेखत, माझ्यासारख्याला काढून टाकायचं बोलत होत्या आणि मला आणखी एक पोळी घे म्हणत होत्या.

पोटातल्या बाळाचं लिंग सांगायला कायद्यानं बंदी आहे. आमच्यासारख्या आजारात तपासणीसाठी तेवढी सूट मिळते. अहवाल आला. मुलगा होता. माझ्यात सापडलेली चूक त्याच्यात जशीच्या तशी होती.

शुभा आली तो आठवडा

त्या आठवड्यात माझा उजवा गुडघा फुटायला आला होता. कारण काही नव्हतं, आमच्यात लागत नाही. सकाळी उठलो तर भरलेला. फ्रिजमधलं शेवटचं फॅक्टर आधीच्या महिन्यात संपलं होतं आणि नवीन साठा आलेला नव्हता. येईल, येईल, असं चाललं होतं. तोपर्यंत बर्फ, क्रेप बँडेज आणि गोळ्या. त्या दुखण्याचं मी वर्णन करणार नाही. ज्यांना आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांना नाही त्यांनी कल्पना करू नये. एवढंच सांगतो, की त्यात माणसाला लाज राहत नाही. मी सदतीस वर्षांचा माणूस आईला शिव्या देत होतो.

शुभा आणि महेशराव नांदेडहून गाडी करून आले. पाचवा महिना लागत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठरवायचं ते आता ठरवा, उशीर करू नका. शुभा माझ्या पलंगाशेजारी खुर्चीत बसली. तिचं पोट आता दिसायला लागलं होतं. आई पलंगावर बसून माझ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून होती.

महेशराव म्हणाले, "दादा, मी खूप वाचलंय. आता काळ बदललाय. नवीन इंजेक्शन आलंय, कातडीखाली द्यायचं, लहानपणापासून दिलं तर सांधे खराब होत नाहीत म्हणे. डॉक्टरही तेच म्हणाले. पण ते कायम मिळत राहील का, हे कुणी सांगत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "त्याचे गुडघे माझ्यासारखे होतीलच असं नाही. एकूण शक्यता बघितली तर—"

"सर नको होऊस," शुभा म्हणाली. "मला शक्यता पाठ आहे. सासूबाई म्हणतात काढ. हे म्हणतात तू म्हणशील तसं. डॉक्टर म्हणतात तुमचा निर्णय. समदे माझ्यावर टाकायलेत. मी लहान असल्यापासून तुझ्या गुडघ्याला बर्फ लावलाय दादा, पण मला बाहेरून माहितीय. आतून कसं असतं ते तुलाच माहीत. तू सांग. तू म्हणशील ते करते."

"असं कसं माझ्यावर टाकतेस?"

"मग कुणाला विचारू? दुसरं कोण हाय?"

खरंच दुसरं कुणी नव्हतं. मामा असता तर त्याला विचारलं असतं.

"तू जन्मलास ते बरं झालं का?" तिनं विचारलं. "एवढंच सांग."

आईचा हात गुडघ्यावर होता. बर्फाच्या पिशवीचं ओझंही मला पेलत नव्हतं. मी छताकडं बघितलं आणि म्हणालो, "नको. ठेवू नकोस."

शुभानं मान डोलावली. तिला रडू आलं नाही, मला आलं. आईनं बर्फाची पिशवी काढली नाही, हात हलवला नाही, ती तशीच धरून बसली.

आई

ते गेल्यावर आईनं वाटीत खिचडी आणली आणि मला भरवायला लागली. दोन घास झाल्यावर म्हणाली, "तुझ्या वक्ताला असलं तपासायचं असतं तर बरं झालं असतं. मी बी काढून टाकलं असतं. तुझा तरास वाचला असता, माझा बी वाचला असता."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. पुढचा घास तयार करत म्हणाली. मी तासाभरापूर्वी जे बोललो तेच ती बोलत होती, आणि मला ते सहन झालं नाही. मी वाटी ढकलली. खिचडी तिच्या लुगड्यावर सांडली.

"तुला असं बोलवतं कसं?" मी म्हणालो.

"तूच बोललास की."

"मी माझ्याबद्दल बोलू शकतो. तू नाही."

"का?" आई म्हणाली. "तू काय एकट्याचा हायस? रात्रंदिवस कोण बसलं उशाला? नानांनी तोंड फिरवलं ते कुणाकडून? तुला वाटतं तुझंच दुखायलंय?" तिनं सांडलेली खिचडी हातानं गोळा केली आणि वाटीत टाकली. "मला वाटत होतं, एवढं केलं, तर लेकरू एक दिवस म्हणंल, आई, जन्माला घातलंस ते बरं केलंस. आज सगळ्यांदेखत सांगितलंस, न्हाई म्हणून."

  गोळीची वेळ झाली तेव्हा तिनं गोळी आणि पाणी आणून शेजारी ठेवलं.

उतरला

शुभा नांदेडला दवाखान्यात दाखल झाली आणि ते झालं. महेशरावांनी फोन करून सांगितलं. ते रडत होते, त्यांच्या आई मागून म्हणत होत्या, सुटलं लेकरू. ज्या दिवशी हा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी फॅक्टरचा साठा आला. मी इंजेक्शन घेतलं. गुडघा हळूहळू मऊ पडला आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण उतरला.

मी क्लासला गेलो. पोरांनी इतके दिवस दुसऱ्या सरांना छळलं होतं, मला बघून त्यांनी बाकं वाजवली. मी हृदयाचं प्रकरण शिकवलं आणि ते मला इतकं छान शिकवता आलं की माझं मलाच नवल वाटलं. एका पोरानं फळ्यावर हृदय काढलं ते वांग्यासारखं झालं, सगळा वर्ग हसला, मीही पोट धरून हसलो. सुटल्यावर गाड्यावर गरम भजी खाल्ली. संध्याकाळची हवा चांगली होती. रिक्षात बसताना माझ्या मनात सहज आलं, बरं झालं आपण आहोत.

मग मला आठवलं, मी काय उत्तर दिलंय ते. 

मी खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी नको हेच खरं होतं, आणि भजी खातानाचंही खरं होतं. गुडघा पुन्हा सुजेल तेव्हा मी पुन्हा नको म्हणेन आणि तेही मनापासून म्हणेन. ह्यातलं कोणतं उत्तर माझं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून हे वाचणाऱ्या आमच्या आजाराच्या भावांना एकच सांगतो. तुम्हाला कुणी हा प्रश्न विचारला तर सूज उतरेपर्यंत वेळ मागा. तो मिळणार नाही बहुतेक, कारण डॉक्टर म्हणतील उशीर करू नका. तरी मागा. आणि उतरल्यावर लगेच 'हो' म्हणत असाल तर तेव्हाही जरा थांबा, कारण बरं वाटत असताना माणूस काहीही कबूल करतो.

नांदेड

शुभाला बघायला मी एकटाच गेलो. आई म्हणाली, मी नंतर जाईन. महेशरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद होती. कठडा धरून थांबत थांबत मी चढलो. सासूबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि तिच्या खोलीकडं हात केला.

शुभा पलंगावर बसली होती. दोन्ही हात छातीवर घट्ट धरून.

"काय होतंय?" मी विचारलं.

"दूध आलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले दाबून बांधा, जाईल आपोआप. तुझ्या गुडघ्याला बांधतो तेच क्रेप बँडेज हाय."

मी खाली बघत बसलो.  बाहेर सासूबाई कुकर लावत होत्या.

"जिन्यानं आलास?"

"हो. लिफ्ट बंद आहे."

"तीन मजले?"

"हो."

तिनं माझ्या पँटवरून गुडघ्याकडं बघितलं. मग हात पुढं करून लहानपणी बघायची तसं बोटांनी हळूच दाबून बघितलं, सूज आहे का.

"दुखायलाय का?"

"नाही."

"उतरला?"

"उतरला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिनं हात काढून घेतला आणि पुन्हा छातीवर धरला.

"मग त्याचा बी उतरला असता," शुभा म्हणाली.